आधी खरी नोंद, मग डिजिटल वर्ग

सर, तुमचा प्रश्न वाचला आणि माझं २०१५चं वर्ष डोळ्यांसमोर उभं राहिलं. तुमची शहादा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची सातवीपर्यंतची शाळा, मुख्याध्यापकपद नुकतंच मिळालेलं, चौथी-पाचवीची निम्मी मुलं वाचताना अडखळतात, जुने शिक्षक "इथली मुलं अशीच" म्हणतात. आणि तुम्ही विचारताय, लोकवर्गणी काढून दोन वर्ग डिजिटल करू का?

मी चोपडा तालुक्यात मुख्याध्यापिका होते, आता निवृत्त आहे. टाचण, परिपाठ, हजेरी हे तुम्हाला सांगायला नको. माझी एक चूक तेवढी सविस्तर सांगते.

त्या वर्षी जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हा त्याचा हेतू मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. मी भिंती रंगवून घेतल्या, तक्ते लावले, गावाकडून टीव्ही मिळवला. पाहायला येणारे खूश. मग मुलांची पातळी कळवायची वेळ आली. तिसरी ते पाचवीच्या ४१ मुलांपैकी १७ जणांना साधा परिच्छेद वाचता येत नव्हता. मी तसंच लिहून पाठवलं. आमच्या वरच्या एका कार्यालयातून (नाव घेत नाही, माणसं आता बदलली आहेत) तक्ता परत आला. फोनवर ऐकवलं, "बाई, तुमच्या एका शाळेमुळे सगळ्यांचा आकडा खाली येतो. दुरुस्त करून द्या, नाहीतर खुलासा द्या." दोन दिवस मी अडून राहिले. तिसऱ्या दिवशी १७चे ३ केले आणि सही केली.

त्या सहीने काय केलं ते ऐका. दिवाळीनंतर मी त्याच कार्यालयात मदत मागायला गेले. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी साहित्य हवं होतं, कुणी येऊन आमच्या शिक्षकांसोबत आठवडाभर बसावं असं वाटत होतं. उत्तर मिळालं, "तुमची शाळा तर प्रगत आहे, तुम्हाला कशाला?" माझ्याच सहीचा कागद त्यांनी पुढे केला. मला बोलायला तोंड उरलं नाही. वर्गातही तेच झालं. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कागदावर सगळी मुलं वाचणारी मिळाली, त्यामुळे त्या चौदा जणांकडे कुणी वेगळं पाहिलंच नाही.

त्यांतला एक मुलगा पुढे दुसऱ्या गावच्या शाळेत गेला आणि चार महिन्यांत घरी बसला. त्याची आई प्रगतिपुस्तक घेऊन माझ्या दारात आली. तिला वाचता येत नव्हतं, शेजारणीने वाचून दाखवलं होतं. "बाई, आठे ते लिखेल शे, पोऱ्या वाचस म्हनीसन," ती म्हणाली. (इथे तर लिहिलंय, पोरगा वाचतो म्हणून.) वर्णनात्मक नोंदीत 'परिच्छेद अचूक वाचतो' असं होतं आणि खाली माझी सही होती. तो मुलगा तेव्हा केळीच्या गाड्या भरायला जायला लागला होता. तिला काय उत्तर द्यावं ते मला आजही सुचलेलं नाही.

म्हणून सांगते, पडदा, प्रोजेक्टर नंतर बघा. आधी एकेका मुलाला शेजारी बसवून वाचून घ्या: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. हे तुम्ही स्वतः करा, शिक्षकांवर सोपवू नका. आकडा वाईट आला तरी तोच वर पाठवा आणि पोच घेऊन ठेवा. खुलासा मागितला तर द्या. खुलाशाने नोकरी जात नाही.

आम्ही उशिरा का होईना, पण हे केलं. रोज पहिला तास तिसरी ते पाचवीची इयत्ता मोडून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट केले. सगळ्यात मागचा गट मी घेतला. माझ्या मते शिक्षक बदलले ते याच गोष्टीने, कोणत्याही प्रशिक्षणाने नाही. मुख्याध्यापक खडू हातात घेऊन सगळ्यात अवघड मुलांसमोर बसतो, हे दिसलं की "इथली मुलं अशीच" हे वाक्य हळूहळू बंद होतं. "तुमची मुलं मागे का?" असं मी विचारत असे, तेही सोडलं. "कोण कुठे अडलंय?" एवढंच विचारायला लागले.

भाषेचंही बघा. आमच्याकडे गावात अहिराणी आणि वस्तीवर पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली. मूल म्हणतं "मन्ही माय वावरमा गयी", पुस्तक म्हणतं "माझी आई शेतात गेली". पहिलीतलं मूल गप्प बसतं आणि आपण त्याला मंद ठरवतो. मुलाचं वाक्य आहे तसं फळ्यावर लिहा आणि त्याखाली पुस्तकातलं. पावरी मला येत नव्हती. वस्तीवरची दहावी झालेली एक सून सकाळी तासभर येऊन बसायची, तिच्याकडून आमच्या पहिलीच्या बाईंनी शब्द वहीत उतरवून घेतले. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं म्हटलं आहे, त्यामुळे कुणी हरकत घेतली तर घाबरू नका.

वाचायला नवं काही नसेल तर हाताने लिहा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. आम्ही रोज फळ्यावर गावातल्या चार ओळी लिहायचो: कुणाची गाय व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. मागच्या गटातली मुलंही ते वाचायला धडपडत.

आणखी एक, थोडं चिडूनच लिहिते. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. एक महिना प्रत्यक्ष तास मोजा. व्हॉट्सअ‍ॅपवर "आजच्या आज" म्हणून येणाऱ्या तक्त्यांनी किती खाल्ले ते कळेल. आम्ही ठरवलं, मधल्या सुट्टीआधी कोणताही तक्ता भरायचा नाही. बोलणी बसली, पण सकाळ मुलांची राहिली.

माझा अनुभव चार शिक्षकांच्या छोट्या शाळेचा आहे. तुमच्याकडे सातवीपर्यंत वर्ग आहेत, त्यामुळे गटांचं वेळापत्रक तुम्हाला वेगळं बसवावं लागेल. शाळा व्यवस्थापन समितीची (पालकांच्या समितीची) सभा कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी ठेवू नका, कुणी येणार नाही. रात्री जेवणानंतर वस्तीवरच घ्या, म्हणजे आयाही येतील. आणि वाचनाची पहिली नोंद दिवाळीच्या आत पूर्ण करा. त्यानंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरात तिकडच्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून द्यायचं कार्ड) द्या, त्यावर ते मूल नेमकं कुठवर वाचतं तेच लिहा, आणि त्याची एक प्रत तुमच्या कपाटात ठेवा.