प्लॉट विकून मुलाला जपानला पाठवावं का?

नमस्कार गुरुजी,

तुमचं पत्र सावकाश दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, जपानमधल्या टोकियोबाहेरच्या एका राष्ट्रीय विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्सला त्याला प्रवेश मिळाला, ऑक्टोबरात निघायचंय. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत, वय 54, निवृत्तीला चार वर्षं. बँकेत सहा लाखांची ठेव आहे. तुमचा प्रश्न असा, की सांगलीतला गुंठेवारीतला (मंजूर आराखड्याशिवाय गुंठ्यांत पाडलेला) प्लॉट विकावा की 25 लाखांचं कर्ज काढावं? मुलगा म्हणतोय, "पप्पा, पार्टटाइम करून हप्ते मी भरतो."

मुलाला जाऊ द्या. प्लॉट आत्ता विकू नका. आणि पार्टटाइमच्या भरवशावर एकही हप्ता ठेवू नका.

हिशेब मांडू. जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाणित फी वर्षाला 5,35,800 येन आणि प्रवेश शुल्क एकदाच 2,82,000 येन. दोन वर्षांचे साडेतेरा लाख येन झाले. राहण्या-जेवणाला महिन्याला एक लाख येन धरा, म्हणजे आणखी 24 लाख. येन साठ पैशांनी धरला तर साडेबावीस लाख रुपये होतात. विमानाचं तिकीट, सुरुवातीचं भाडं-डिपॉझिट, थंडीचे कपडे धरून 24 लाख.

आता पार्टटाइम. विद्यार्थ्याला परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. मोठ्या सुट्ट्यांत जास्त. तासाला 1,050 येन धरले तर महिन्याला सव्वा लाख येनच्या आसपास बसतात. कागदावर राहण्याचा सगळा खर्च निघाला! पण मुलगा संशोधनाच्या मास्टर्सला चाललाय. दिवस लॅबमध्ये जाणार. दुकानात काउंटरवर उभं राहायचं तर जपानी बोलता आलं पाहिजे, आणि ते त्याला अजून येत नाही असं तुम्हीच लिहिलंय. हप्त्याच्या ओढीनं 28 तासांच्या वर काम केलं तर व्हिसाची मुदत वाढवताना अडचण येते. मी असे हिशेब करताना पहिले सहा महिने कमाई शून्य धरतो.

मग 24 लाख आणायचे कुठून? 15 लाख शैक्षणिक कर्ज, पाच लाख तुमच्या भविष्य निर्वाह निधीतून ना-परतावा (म्हणजे परत न भरायची उचल), चार लाख ठेवीतून. ठेवीतले उरलेले दोन लाख घरच्या आजारपणासाठी राहू द्या, त्यांना हात लावू नका. तुम्ही नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलात, जुनी पेन्शन आहे, म्हणूनच निधीतून काढा म्हणायचं धाडस करतोय.

15 लाखच का, हे मुलालाही समजावून सांगा. साडेदहा टक्क्यांनी, दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता वीस हजारांच्या थोडा वर जातो. तिकडे नोकरी जमली नाही आणि पुण्यात परत येऊन चाळीस-पन्नास हजारांवर लागला, तरी तो कसाबसा फेडू शकतो. 25 लाखांना हप्ता 34 हजारांच्या घरात जातो, तेव्हा तुमची पेन्शन ओढली जाणार. शिक्षण सुरू असताना व्याज साचू देऊ नका, पगारातून दरमहा भरा. सगळी रक्कम उचलल्यावर ते 13 हजारांच्या आसपास असेल.

साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. प्लॉटचा गुंठेवारी नियमितीकरणाचा आदेश तुमच्याकडे आहे का? नसेल तर बँक तो स्वीकारेल असं धरू नका, राहत्या घराचे कागद काढावे लागतील. आदेश नसताना घाईत विकायला गेलात तर भावही पडून मिळेल. विक्री नको म्हणण्याचं हे मोठं कारण.

दुसरी काळजी येनची. 2020 मध्ये तो सत्तर पैशांच्या आसपास होता. पुन्हा तिथं गेला तर खर्च पावणेचार लाखांनी वाढेल. फीसुद्धा स्थिर नाही. टोकियो विद्यापीठानं 2025 पासून नव्या पदवी विद्यार्थ्यांची फी 6,42,960 येन केली. पार्टटाइमचे पैसे इथं कामाला येतील, कारण ती कमाईच येनमध्ये असते. जेवढे मिळतील तेवढं कर्ज कमी उचला.

फीमाफीचं मात्र आजच बघा. अनेक राष्ट्रीय विद्यापीठं अर्ज केल्यावर अर्धी किंवा पूर्ण फी माफ करतात, तो अर्ज बहुधा दर सत्राला नव्यानं करावा लागतो. मुलाला विद्यापीठाच्या कार्यालयाला मेल करायला सांगा: अर्जाची तारीख काय, तुमच्या उत्पन्नाचा कोणता दाखला लागेल, आणि वसतिगृहात खोली मिळेल का. उत्तर आलं की मला कळवा, कर्जाचा आकडा त्यानंतर पक्का करू.