चौदा वर्षांच्या संसारात हा व्हायरस आला कुठून?

सिडकोतल्या सविताताई (नाव बदललेलं, वय ३६) रिपोर्ट पदराखाली धरूनच दवाखान्यात आल्या. एचपीव्ही, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगामागचा विषाणू, पॉझिटिव्ह. नवरा अंबडच्या कंपनीत कामाला, माल पोचवायला महिन्यातून दोनदा बाहेरगावी. जावेने मोबाईलवर वाचून सांगितलं, "हा संबंधातून येतो." तेव्हापासून आठ दिवस घरात अबोला. "मी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. मग ह्यांनीच आणला ना?"

जावेने सांगितलं ते खरं, पण अर्धंच. एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो. मात्र त्याला जननेंद्रियांच्या त्वचेचा स्पर्शही पुरतो, म्हणून कंडोमने धोका कमी होतो, जात नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच आणि पत्ताही लागत नाही. दहापैकी साधारण नऊ जणांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आवरतं. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षं दबून राहतो आणि मग चाचणीत उमटतो. रिपोर्टवरची तारीख नमुना घेतल्याची, विषाणू शिरल्याची नव्हे. तो लग्नाआधीचाही असू शकतो, दोघांपैकी कुणाकडूनही. नवऱ्याचे बाहेर संबंध होते की नाही, हे या कागदावरून ठरत नाही. तो संशय वेगळा असेल तर त्यावर वेगळं बोलायला हवं.

मग रिपोर्ट ओळीने वाचला. विषाणूचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार निगेटिव्ह, 'इतर उच्च धोक्याचे प्रकार' पॉझिटिव्ह, पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे १६ आणि १८ हेच दोन असतात; ते निघाले असते तर पॅप नॉर्मल असूनही लगेच कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून दुर्बिणीतून पाहणं. सविताताईंनी वर्षाने टेस्ट पुन्हा करायची. तेव्हाही पॉझिटिव्ह आली, तर कॉल्पोस्कोपी. पाळीचे दिवस टाळायचे. टेस्टच्या आधीचे दोन दिवस संबंध नाही, योनीत ठेवायच्या गोळ्या-क्रीम नाही, आतून धुणं नाही, नाहीतर पॅपचा नमुना बिघडतो. मध्येच संबंधानंतर रक्त गेलं, तर वर्षभर थांबायचं नाही.

शेजारणीने तोवर सल्ला दिलाच होता: "पिशवीच काढून टाक." आपल्याकडे हा सल्ला फार स्वस्त झालाय. नॉर्मल पॅप आणि पॉझिटिव्ह एचपीव्ही एवढ्यावर पिशवी काढायचं काहीच कारण नाही. विषाणूपासून कर्करोगापर्यंत जायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात (एचआयव्हीसारख्या आजारात प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर त्याहून लवकर), आणि वाटेतले बदल सापडले की तेवढा भाग जाळून किंवा काढून टाकता येतो. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकचा यावर शून्य उपयोग.

त्यांच्या संमतीने पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. त्याने विचारलं, "माझी टेस्ट?" पुरुषांसाठी अशी नेहमीची मान्यताप्राप्त चाचणी नाही. चामखीळ किंवा न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवायची. एरवी काही करावं लागत नाही. संबंध बंद ठेवायचीही गरज नाही.

शेवटी विषय निघाला अकरा वर्षांच्या मुलीचा. एचपीव्हीची लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून संबंध येण्याआधी दिलेली उत्तम. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरानंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस मुलग्यांनाही चालते, म्हटल्यावर नवऱ्याने धाकट्याचं वय मोजलं: आठ. एक वर्ष थांबायचं होतं.