पर्डी की मॅक जोन्स? ॲरिझोनाच्या मॅचला कोण खेळणार

आपल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सबद्दलचा (अमेरिकन फुटबॉल, एनएफएल लीग, नोव्हेंबर 2025) तुझा प्रश्न वाचला, त्याखालच्या कमेंटमधली हाणामारी पण वाचली. थोडक्यात तुझं म्हणणं असं की बॅकअप (राखीव) क्वार्टरबॅक मॅक जोन्सनी आठ मॅचमध्ये पाच जिंकून दिल्या, परवा रॅम्सनी 42-26 नी धुतलं तरी त्यात त्याची फार चूक दिसत नाही, इकडे आपला नेहमीचा क्वार्टरबॅक पर्डी दुखापतीतून प्रॅक्टिसला परत यायला लागलाय, मग जिंकणारा माणूस काढून लंगडणारा माणूस का घालायचा, आणि कोच शानाहान सरळ नाव का सांगत नाही. काकांनी उत्तर द्यावं म्हणालास, तर घे, जरा लांबेल.

आधी निकाल सांगतो. पर्डीच्या पायाचा अंगठा ठीक असेल तर पर्डी, नसेल तर मॅक. ह्यात कॉन्ट्रोव्हर्सी वगैरे काही नाहीये. खाली लोक दोन वेगळे प्रश्न एकाच पातेल्यात ढवळतायत म्हणून एवढा धूर निघतोय. एक प्रश्न म्हणजे टीम कोणाची, आणि दुसरा म्हणजे ह्या रविवारी कोण. पहिल्याचं उत्तर मे महिन्यातच मिळालंय, पर्डीचा करार, पाच वर्षं आणि 265 मिलियन डॉलर. दुसऱ्याचं उत्तर पायाच्या अंगठ्याकडे आहे, ते ना तुझ्याकडे, ना माझ्याकडे, ना टीव्हीवरच्या टायवाल्यांकडे.

तू ह्याच वर्षी बघायला लागलायस म्हणून सांगतो, क्वार्टरबॅकवर एवढी डोकेफोड का. क्रिकेटमध्ये ओपनर शून्यावर गेला तरी मागे नऊ जण पॅड बांधून बसलेले असतात, इथे ऑफेन्सच्या (चढाई करणाऱ्या बाजूच्या) जवळजवळ प्रत्येक प्लेला बॉल ह्या एकाच माणसाच्या हातातून जातो आणि त्याचा दिवस खराब असला तर बाकी दहा जण काही करू शकत नाहीत. त्यामुळे दोन क्वार्टरबॅक बरे दिसायला लागले की गावात दोन पार्ट्या पडणारच. दिवाळीच्या फराळाला इथे मंडळात चकली हातात घेऊन लोक ह्याच विषयावर भांडत होते, त्याच संध्याकाळी फाल्कन्सची मॅच होती, 20-10 जिंकलो, आणि दोन्ही पार्ट्यांनी त्याचं क्रेडिट आपापल्या माणसाला दिलं. खरं तर ती मॅच बॉल घेऊन पळणाऱ्या मॅकॅफ्रीनी जिंकून दिली होती.

आता माझा मुख्य मुद्दा. मी ही टीम कँडलस्टिक ह्या जुन्या स्टेडियमच्या जमान्यापासून बघतोय, आणि ह्या टीमचा क्वार्टरबॅक फॅन्सच्या वादातून तर सोड, कोचच्या 'ओपन कॉम्पिटिशन' मधूनसुद्धा ठरलेला मला फारसा आठवत नाही. दरवेळी दुखापतीनीच ठरवलंय. तेव्हाचा क्वार्टरबॅक जो मोंटाना, त्याची पाठ 1986 मध्ये गेली, ऑपरेशन झालं, म्हणून कोच बिल वॉल्शनी 1987 मध्ये टॅम्पाहून स्टीव्ह यंग आणला. जानेवारी 1988 ला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) व्हायकिंग्जसमोर मोंटानाला चालू मॅचमध्ये बसवलं आणि यंगला घातलं, तरी हरलो. त्यानंतर मोंटानानी लागोपाठ दोन सुपर बोल (लीगच्या फायनल) जिंकले, म्हणजे वाद मिटला असं सगळ्यांना वाटलं. तर जानेवारी 1991 मध्ये जायंट्सच्या लेनर्ड मार्शलनी त्याला असा आपटला, आणि मग कोपराच्या दुखण्यात 1991 चा अख्खा सीझन गेला, 1992 पण जवळजवळ गेलाच, तोवर यंग एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि एप्रिल 1993 मध्ये मोंटाना, चार सुपर बोलवाला मोंटाना, कॅन्सस सिटीला रवाना. घरात बाप एकीकडे, मुलगा एकीकडे, अशी अवस्था होती इथे. यंगनी जानेवारी 1995 मध्ये चार्जर्सविरुद्ध सुपर बोलमध्ये सहा टचडाउन पास (ज्यावर थेट गुण मिळतात असे) टाकले तेव्हा कुठे जुनी मंडळी गप्प झाली, त्यातली काही अजूनही झालेली नाहीत.

मग 2012. ॲलेक्स स्मिथ सहा जिंकून दोन हरलेला, साधारण 70 टक्के पास पूर्ण, सोमवारच्या एका मॅचमध्ये ॲरिझोनाच्या कार्डिनल्ससमोर 19 पैकी 18 पास पूर्ण. म्हणजे बसवायला काही कारणच नाही. नोव्हेंबरमध्ये रॅम्सच्या मॅचला त्याला कन्कशन झालं, बॅकअप कॅपरनिक आत आला, पुढच्या सोमवारी बेअर्सना 32-7 नी मारलं आणि कोच हार्बॉनी स्मिथ बरा झाल्यावरसुद्धा कॅपरनिकच ठेवला. सुपर बोलपर्यंत गेलो, रेव्हन्सशी 34-31 हरलो, म्हणून निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण डोक्याला मार लागला हे प्रामाणिकपणे सांगितलं आणि नोकरी गेली, हे बाकीच्या खेळाडूंनी बघितलंच ना. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

खाली एक जण '2012 सारखं करा, गरम हात चालू ठेवा' म्हणतोय, त्याच्यासाठी हे सांगतो. तेव्हा स्मिथवर पुढची पाच वर्षं आणि एवढा पैसा अडकलेला नव्हता, आणि कॅपरनिक टीमनी स्वतः ड्राफ्ट करून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत घेऊन) वाढवलेला पोरगा होता, भविष्य तोच होता. इथे उलटं आहे. मॅक मार्चमध्ये दोन वर्षांच्या करारावर बॅकअप म्हणून आलाय. त्याचं काम तो उत्तम करतोय, आणि त्याचं काम हेच आहे.

आता पर्डी इथपर्यंत आला कसा ते बघ, म्हणजे शानाहान असा का वागतो तेही कळेल. 2021 मध्ये नायनर्सनी डॉल्फिन्सना तीन फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या निवडी) आणि वर एक थर्ड राउंड देऊन ड्राफ्टमधला तिसरा नंबर घेतला. सगळे म्हणत होते मॅक जोन्सला घेणार. हो, हाच मॅक जोन्स! टीव्हीवर महिनाभर तेच चाललं होतं. घेतला ट्रे लान्स, आणि मॅक पंधराव्या नंबरवर पेट्रियट्सकडे गेला, तिथे पहिलं वर्ष छान गेलं, मग घसरत घसरत जॅक्सनव्हिल, आणि आता शेवटी इथे. नशीब म्हणतात ते हे.

लान्सला 2022 ला स्टार्टर (मुख्य खेळणारा) केलं, आधीच्या स्टार्टर जिमी गॅरॉप्पोलोचं खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला कोणी ट्रेडमध्ये घेईना, म्हणून ऑगस्टच्या शेवटी पगार कमी करून ठेवून घेतला. फॅन्स खवळले, पोराच्या डोक्यावर जुना माणूस कशाला बसवताय म्हणून. दुसऱ्याच मॅचला सीहॉक्ससमोर लान्सचा घोटा मोडला. जिमी आत. डिसेंबरात डॉल्फिन्ससमोर जिमीचा पाय मोडला. मग आत आला तो ब्रॉक पर्डी, 262 वा पिक, ड्राफ्टमधला शेवटचा माणूस, ज्याला तिकडे चेष्टेत 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. ती मॅच 33-17 जिंकली, पुढच्या रविवारी ब्रेडीच्या बकेनिअर्सना 35-7, आणि तिथून जानेवारीत फिलाडेल्फियाला जाईपर्यंत हा पोरगा स्टार्टर म्हणून हरलाच नाही. फिलाडेल्फियाच्या हासन रेडिकनी बॉल टाकताना त्याच्या हातावर मारलं आणि कोपराचं लिगामेंट गेलं. जॉश जॉन्सन आला, त्याला कन्कशन झालं. मग परत पर्डी आत, पण त्याला लांब टाकता येईना. फायनलच्या एक पायरी आधी आपल्याकडे बॉल टाकू शकेल असा माणूसच उरला नव्हता, 31-7. त्यानंतर 2023 मध्ये लीगनी तिसऱ्या इमर्जन्सी क्वार्टरबॅकचा नियम परत आणला.

म्हणजे बघ, एका सीझनमध्ये चार जण लागले. ज्या कोचनी हे भोगलंय तो बॅकअपला शोभेची वस्तू समजत नाही. 2023 ला सॅम डारनॉल्ड आणला, तेव्हाही लोक हसले होते, फेल गेलेला माणूस म्हणून. तोच पुढच्या वर्षी मिनेसोटाला 14 मॅच जिंकला आणि आता सिॲटलमध्ये आपल्याच डिव्हिजनला (लीगमधल्या गटात) बसलाय. लान्सला तर त्याच ऑगस्टमध्ये एका फोर्थ राउंड पिकवर डॅलसला देऊन टाकलं, तीन फर्स्ट राउंडचा माल. त्यामुळे 'एवढं मोजलंय म्हणजे खेळवणारच' हे वाक्य ह्या टीमबद्दल तरी जपून वापरा.

आणि इथेच 265 मिलियनवाल्या पार्टीचं पण चुकतंय. ते म्हणतात पैसे दिलेत, आता उतरवा मैदानात. अरे, पैसे दिलेत म्हणूनच घाई करायची गरज नाही! 2024 पर्यंत पर्डी वर्षाला मिलियनच्या आत खेळत होता, तेव्हा एक एक मॅच त्याच्यासाठी परीक्षा होती. आता त्याला काहीही सिद्ध करायचं नाहीये आणि टीमलाही. पाच वर्षांचा माणूस एका नोव्हेंबरच्या मॅचसाठी अर्धा बरा असताना घालायचा आणि परत सहा आठवडे घालवायचे, हे कोणत्या हिशोबात बसतं?

हे मी हवेत बोलत नाहीये, ह्याच सीझनमध्ये झालंय. पहिल्या मॅचला सिॲटलला अंगठा दुखावला, टर्फ टोच्या जातीची दुखापत. दोन मॅच बाहेर बसला, चौथ्या आठवड्यात जॅग्वार्ससमोर आला, दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), 26-21 हरलो, अंगठा परत दुखायला लागला आणि तेव्हापासून सहा मॅच गेल्या. लोकांना वाटतं अंगठाच तर आहे, त्यात काय एवढं. टर्फ टो म्हणजे अंगठ्याच्या सांध्याखालचं लिगामेंट ताणलं जातं किंवा फाटतं, आणि क्वार्टरबॅकला पाय रोवून, जमिनीला रेटा देऊनच बॉल टाकायचा असतो. पर्डीचा अर्धा खेळ तर पॉकेटमधून (त्याला वाचवणाऱ्यांच्या कड्यातून) निसटून, पळता पळता कोणीतरी मोकळा शोधण्यावर आहे. तेवढं काढून घेतलं तर उरलेला पर्डी मॅकपेक्षा चांगला आहे का? मला नाही वाटत. मॅक उभा राहतो आणि बॉल पटकन सोडतो, तो एका जागेवरून खेळायचा खेळ त्याला जास्त चांगला येतो. म्हणून पन्नास टक्के पर्डीपेक्षा शंभर टक्के मॅक, ह्यात मी तुझ्या बाजूला आहे.

पण मॅकच्या पाच-तीनचा फार मोठा झेंडा करू नका. सेंट्सची मॅच तो छान खेळला, तीन टचडाउन. कार्डिनल्सना 16-15, तीही शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर (लाथेनी मारलेल्या). जायंट्स सध्या किती कमजोर आहेत ते आपल्याला माहितीये. खरी त्याची मॅच एकच, गुरुवारी लॉस एंजेलिसला रॅम्सना ओव्हरटाइममध्ये 26-23, पास झेलणारे किटल नाही, पिअरसॉल नाही, जेनिंग्ज नाही, पायात गोळे आलेले आणि तरी 342 यार्ड. ती मॅच बघून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, बायको म्हणाली शेजारी झोपलेत. पण त्यातसुद्धा शेवटी फोर्थ डाउनला (चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) डिफेन्सनी त्यांना अडवलं म्हणून जिंकलो. आणि हरलेल्या तिन्हीचं खापर पण त्याच्यावर नको, डिफेन्सचे मोठे खेळाडूच नाहीत, बॉसा तिसऱ्या आठवड्यापासून नाही, वॉर्नर टॅम्पाच्या मॅचपासून नाही, समोरचे 42 मारून जात असतील तर क्वार्टरबॅक कोणीही असो.

शानाहान नाव का सांगत नाही, तर का सांगावं? समोरच्या कोचला दोन वेगळ्या माणसांची तयारी करायला लावली तर त्याचा आठवड्यातला तेवढा वेळ वाया. त्याच्या पत्रकार परिषदा ऐकून अर्थ काढत बसू नको. रिपोर्ट बघ. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस इंज्युरी रिपोर्ट येतो. 'लिमिटेड' (अर्धवट प्रॅक्टिस) ह्या शब्दावर नाचू नको, पत्रकारांना प्रॅक्टिसचा सुरुवातीचा थोडाच भाग बघायला मिळतो, त्यात सगळेच बरे दिसतात. स्टार्टरबरोबरचे स्नॅप (प्रॅक्टिसमधले प्ले) कोण घेतोय ते महत्त्वाचं, कारण आठवड्यात स्नॅप मोजकेच असतात आणि ते दोघांत वाटले की दोघंही अर्धेच तयार होतात. बुधवारी लिमिटेड आणि शुक्रवारी फुल असं चढत गेलं तर पर्डी खेळणार समज. तिन्ही दिवस लिमिटेड आणि शेवटी 'क्वेश्चनेबल' (खेळेल का नक्की नाही) असेल तर मात्र मॅचच्या दीड तास आधी इनॅक्टिव्ह लिस्ट (न खेळणाऱ्यांची यादी) येते तोपर्यंत कोणाशी पैज लावू नको, फँटसीमध्ये तर अजिबात नको.

आणि ते मॅकला ट्रेड करा, भाव आलाय तोवर विका, असं लिहिणारे. डेडलाइन 4 नोव्हेंबरला होऊन गेली रे बाबांनो. आणि गेली नसती तरी ह्या टीमनी बॅकअप विकायचा? वर लिहिलंय ते परत एकदा वाचा. तो 2026 ला पण करारात आहे, राहू दे सुखानी.

माझा अंदाज विचारशील तर ॲरिझोनाला पर्डी येईल. सहा-चार आहोत, डिव्हिजनमधली मॅच आहे, आणि पुढे बाय (सुट्टीचा आठवडा) येईपर्यंत अजून मॅच आहेत, म्हणजे थांबवायचाच असता तर सरळ बायनंतरच आणला असता, आत्ता प्रॅक्टिसला काढला नसता. आला तर पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये (चढायांमध्ये) बघ तो बूटलेगला, म्हणजे बॉल घेऊन बाजूला पळायच्या प्लेला, बाहेर पळतोय का. शानाहाननी त्याला पळवणारे प्ले दिले तर अंगठा बरा आहे. नुसता शॉटगनमध्ये (लाइनच्या मागे लांब) उभा करून छोटे पास टाकायला लावले तर मला मेसेज कर, मग मी पण तुझ्याबरोबर मॅक मॅक ओरडतो.