वाचकांचे प्रश्न : रविवारचा उपदेश बुधवारी आठवत नाही

प्रश्न : चाळीस वर्षं दर रविवारी उपासनेला जातो. पण पाळकसाहेब कशावर बोलले, असं बुधवारी कुणी विचारलं तर सांगता येत नाही. मग ऐकून उपयोग काय? – एक वाचक, नगर

उत्तर : चाळीस वर्षांचे दोन हजारांवर उपदेश होतात. त्यांतले दोनही धड सांगता येत नसतील तर नवल नाही. पण सांगता न येणं वेगळं आणि काहीच न उरणं वेगळं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, मध्ये काळ जाऊ द्यायचा आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश वेळ वाचत होता, ३१ दिवसांनंतरही सुमारे एक पंचमांश. ही निरर्थक अक्षरांची गत! तुमच्या कानावर तर तेच दाखले वर्षानुवर्षं पडताहेत. लूकच्या १५व्या अध्यायातला उधळ्या मुलाचा दाखला वाचायला घेतला, की थोरला मुलगा शेतातून परतायच्या आधीच तुम्हाला त्याचा रुसवा ठाऊक असतो. तो कुठल्या रविवारी कळला, हे तेवढं आठवत नाही.

पुढे ख्रिस्ती मंडळीचा थोर धर्मपंडित झालेला ऑगस्टीन ३८४ मध्ये मिलानला वक्तृत्व शिकवायला गेला. बिशप अँब्रोसचे उपदेश तो ऐके ते बोलण्याची धाटणी पारखायला. आशयाची त्याला पर्वा नव्हती. तरी शब्दांबरोबर आशयही आत शिरत गेला, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलं. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोसच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. याकोबाच्या पत्रात (१:२२-२५) नुसतं ऐकणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्याची उपमा दिली आहे. तिथला खरा ठपका वचनाप्रमाणे न वागण्यावर आहे.

शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीचा उतारा एकदा वाचा, दहा मिनिटं पुरतात. उपदेश चालू असताना पानंच्या पानं लिहू नका. हात लिहिण्यात गुंतला की कान मागे पडतो. शेवटी एकच वाक्य लिहा, पण स्वतःच्या शब्दांत. बहुतेकांना पाळकांनी सांगितलेली गोष्ट आठवते आणि ती कशासाठी सांगितली ते निसटतं, म्हणून वाक्य त्या ‘कशासाठी’चं हवं. बुधवारी वही मिटलेली ठेवून आठवा, अडलात तरी दोन मिनिटं झटा, मग उघडा. आधीच वही पाहिली तर ‘हो, हेच होतं’ असं वाटतं. ती नुसती ओळख असते. स्मरण पक्कं होतं ते आठवण्याच्या खटपटीने. महिन्याने एकदा चारही वाक्यं अशीच आठवून पाहा.

प्रश्न : सात वर्षांची मुलगी उपदेशात चुळबुळ करते. तिला बाहेर खेळू द्यावं का? – एक आई, पुणे

उत्तर : मुलांची शब्बाथशाळा त्याच वेळी असेल तर तिथे पाठवा. नसेल तर चित्रं काढायला कागद द्या आणि जवळ बसवा. हात चालू असले तरी मुलांचे कान बंद नसतात. घरी जाताना ‘काय शिकलीस?’ असं विचारू नका, त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. ‘वादळ आलं तेव्हा तारवात कोण झोपलं होतं?’ असं विचारा.