वाचक विचारतात : गाडीत पाणी येतंय कुठून?

पाऊस सुरू झाला की पत्रांचा विषय ठरलेलाच असतो, मॅट ओली, वास येतोय, काचेवर आतून वाफ. या वेळी त्यातली पाच घेतलीत, बाकीच्यांची उत्तरं यातच मिळून जातील असं वाटतं.

प्रश्न : रात्रभर पाऊस झाला की सकाळी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट चिंब असते. गॅरेजवाल्याने समोरच्या काचेच्या कडेने काळं सिलिकॉन फिरवून दिलं, दोन पाऊस बरे गेले आणि परत तेच. आता म्हणतो काच काढून नव्याने बसवू. बसवून घेऊ का?
— ओल्या मोज्यांचा मालक

उत्तर : थांबा हो, काच एवढ्यात काढू नका. आधी हे पाणी कुठलं ते बघायचं, कारण त्याच जागी तीन वेगवेगळी पाणी येऊ शकतात. एक पावसाचं. दुसरं एसीचं, म्हणजे एसी चालू असताना गाडीखाली जे टपटप पडतं ना, त्याची नळी तुंबली की ते पाणी बाहेर जायच्याऐवजी आत मॅटवर येतं, आणि हे कडक उन्हात सुद्धा होतं. तिसरं म्हणजे हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ते बोटाला बुळबुळीत लागतं, गोडसर वास असतो, काचेवर तेलकट वाफ धरते आणि बोनेटखालच्या बाटलीतली पातळी उतरत जाते. तुमची गाडी रात्रभर नुसती उभी होती म्हणजे एसी सुटला, बोटाला बुळबुळीत लागत नसेल तर कूलंट पण सुटलं, राहिला पाऊस.

आता बोनेट उघडा आणि वायपरच्या खालची काळी जाळी बघा. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या बाजूने खाली निघून जातं. गाडी झाडाखाली उभी राहात असेल तर पानं, फुलं, काड्या तिथे कुजून चिखल होतो आणि भोकं बुजतात. मग ती पन्हळ टबासारखी भरते, आणि बाहेरची हवा आत घेणारं ब्लोअरचं तोंड बहुतेक गाड्यांत तिथेच असतं, त्यामुळे पाणी काठापर्यंत आलं की सरळ ब्लोअरमध्ये आणि तिथून तुमच्या मोज्यांवर. एक तांब्या पाणी पन्हळीत ओता आणि चाकामागे खाली येतंय का बघा. आलं नाही तर रोग सापडला. केबिन फिल्टर पण काढून बघा, बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, ओला किंवा डाग पडलेला असेल तर दुसरा पुरावा नको. आणि ते दोन पाऊस बरे गेले ते सिलिकॉनमुळेच असं समजू नका, गाडी थोडी वेगळ्या उताराला उभी राहिली असेल तरी पाणी दुसरीकडे वळतं.

पन्हळ स्वच्छ निघाली तर पाइप घ्या. मॅट काढा, खालचं सगळं पुसून कोरडं करा, वर वर्तमानपत्र पसरा, एक जण टॉर्च घेऊन आत बसू दे आणि दुसऱ्याने बाहेरून साधं पाणी सोडायचं, प्रेशरचा गन अजिबात नको, त्याने चांगल्या रबरातून पण पाणी आत घुसतं आणि तुम्ही नको तिथे पैसे घालता. सुरुवात खालून करायची, एका जागी पाचेक मिनिटं, मग थोडं वर, मग अजून वर. वरून सुरू केलं तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि नक्की कुठून शिरलं ते कळतच नाही. मी स्वतः एकदा तीन दिवस काचेला शिव्या घालत होतो आणि शेवटी निघालं काय, तर कोणीतरी जादा हॉर्नची वायर आत घ्यायला इंजिनामागच्या पत्र्यातलं रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरच्या भोकातलं रबरी कडं, फाडून ठेवलेलं. तुम्ही मागाहून काही वायरिंग करून घेतलं असेल तर तिथे पहिलं बघा.

एवढं करून काचच गळतेय हे डोळ्यांनी दिसलं तर मात्र काच काढूनच बसवावी लागते, वरून थापलेल्या सिलिकॉनने काम होत नाही. काच युरेथेनने चिकटवलेली असते आणि सिलिकॉनचा थर राहिला तर नवीन युरेथेन तिथे नीट धरत नाही, म्हणून तुमच्याकडे ते आधी पूर्ण खरवडून काढायला सांगा. कडेचा पत्रा गंजलाय का तेही तेव्हाच बघून घ्या. यात हयगय नको, काच गाडीच्या सांगाड्याला बळ देते आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते.

प्रश्न : सनरूफ घट्ट बंद असतं तरी ब्रेक मारला की डोक्यावर धार पडते! रबर बदलू का?
— अंघोळ करून ऑफिसला जाणारी

उत्तर : रबर बहुतेक निर्दोष असणार. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवतं हा गैरसमज आहे, थोडं पाणी त्याच्या कडेने आत येणार हे धरूनच खाली एक ट्रे दिलेला असतो आणि ट्रेच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात, साधारणपणे चार. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली, मागच्या दोन मागच्या खांबांतून. नळी तुंबली की ट्रे भरतो आणि ब्रेक मारला की पुढे हिंदकळतो, तीच तुमची धार. सनरूफ उघडा, प्रत्येक कोपऱ्यात छोटा कप भरून पाणी हळू ओता आणि गाडीखाली कुठे टपकतं ते बघा. जो कोपरा भरून राहतो त्या नळीत गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने सरकवा. लोखंडी तार नको, नळी फाटते. आणि कंप्रेसरची फुल हवा तर नकोच नको, नळी आतल्या आत जोडावरून निसटते, मग सीलिंग उतरवावं लागतं आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. खांबांचं प्लास्टिक स्वतः उचकटू नका, तिथे खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते.

प्रश्न : दार उघडताना आत पाणी खळखळतं. काच खाली-वर होते तिथलं रबर गेलंय का?
— बादली घेऊन फिरणारा

उत्तर : नाही. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, ते बाहेर पडायला दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात, ती मातीने बंद झालीयेत. केबल टायच्या टोकाने मोकळी करा, भसकन पाणी येईल, बूट सांभाळा. आता पायाशी उंबऱ्याजवळ पण ओल असेल तर दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा कागद बघून घ्या. स्पीकर किंवा पॉवर विंडोचं काम करताना तो फाडतात आणि परत चिकटवत नाहीत, मग दारातलं पाणी पॅडवरून आत ओघळतं. ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी लावून तो चिकटवायचा, साध्या सेलोटेपने दोन दिवसांत सुटतो.

प्रश्न : डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतं. रबर बीडिंग नवं टाकलं, फरक शून्य.
— स्टेपनीचा तलाव

उत्तर : सगळे आधी बीडिंगच बदलतात, काय करणार, दिसतं तेच ना. आधी कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा, सगळीकडे सारखी अडकून येत असेल तर बीडिंग ठीक. मग टेललाइटच्या मागचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, बघा, माझा पहिला संशय त्याच्यावर. नंतर छपराच्या कडेची पट्टी, अँटेनाच्या बुडाचं रबर, आणि मागच्या बंपरआडच्या हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा. छपरावरून शिरलेलं पाणी पत्र्याच्या आतून वाट काढत खड्ड्यात येतं, म्हणून साठतं तिथे शोधण्यात अर्थ नाही, ओलीची रेघ धरून वर जायचं.

पाइप लावून पण सापडत नसेल तर एक सोपी युक्ती आहे, सगळ्या काचा-दारं बंद, ब्लोअर फुल, बाहेरची हवा आत घेण्यावर, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा, फट असेल तिथे बुडबुडे येतात. फक्त त्या झडपांपाशी बुडबुडे आले तर दचकू नका, हवा तिथूनच जायची असते.

प्रश्न : गळती बंद झाली पण कुबट वास जात नाही, परफ्युमच्या तीन बाटल्या संपल्या.
— नाक दाबून

उत्तर : वरचं कार्पेट हाताला कोरडं लागतं पण खालचा फोम स्पंजासारखा पाणी धरून बसलेला असतो, काही लिटर सहज. मूठ दाबून बघा, पाणी वर येईल. कार्पेट उचलून खाली काहीतरी अडकवून ठेवा, फोम दाबून-टिपून घ्या आणि खाली हवा खेळू द्या, पंखा लावता आला तर उत्तम. नंतर काचा बंद करून एसी चालवा, एसी हवेतली ओल ओढून घेतो. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. बऱ्याच गाड्यांत कार्पेटखालच्या पत्र्यात रबरी बुचं असतात, साठलेलं पाणी काढायला ती काढता येतात, पत्रा पूर्ण वाळला आणि गंज नाही हे बघितलं की परत घट्ट बसवा, विसरलात तर पुढचं पाणी खालून येईल.