यूट्यूबवरची कमाई आणि प्रेक्षकाचा रुसवा

यूट्यूबवर व्हिडिओ करणारे लोक नेमके कशातून कमावतात आणि त्यात प्रेक्षकाची फसवणूक होते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर कुठेही मिळेल. दुसरा भाग मात्र आमच्या घरातला जुना वाद आहे, म्हणून लिहिते. मी नेरुळला कर सल्लागार आहे आणि माझी धाकटी जाऊ जे पाककृतींचे चॅनेल चालवते, त्याचा हिशेब माझ्याकडे असतो.

कमाईचे गणित थोडक्यात असे. एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणे, ही जाहिरातींच्या वाट्यासाठीची अट 2018 पासून आहे. मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के व्हिडिओ करणाऱ्याला मिळतात, उरलेले यूट्यूब ठेवते. पण वगळता येणारी जाहिरात आपण पाचव्या सेकंदाला वगळली, तर जाहिरातदाराला सहसा काहीच द्यावे लागत नाही आणि म्हणून आमच्याकडेही काही येत नाही. व्हिडिओखालचा लाखांचा आकडा पाहून लोक जी बेरीज करतात ती चुकते ती इथेच. शिवाय दर सगळ्यांना सारखा नसतो. शेअर बाजारावर बोलणाऱ्याला मिळतो तो भाव मांदेलीच्या कालवणाला मिळत नाही; दिवाळीच्या सुमारास दर चढतात आणि जानेवारीत उतरतात. अमेरिकेतल्या मराठी प्रेक्षकांचा दर चांगला असतो, परंतु त्या कमाईवर 2021 पासून तिथला कर कापला जातो. दोन देशांतल्या कराराचा लाभ मागणारा अर्ज भरला तर तो 15 टक्के लागतो. खात्यात शंभर डॉलर जमल्याखेरीज रक्कम बँकेत येत नाही. जावेच्या चॅनेलचे सुरुवातीचे कितीतरी महिने त्या शंभरच्या अलीकडेच संपले, आणि त्या काळात दिवाळे कोळीवाड्यातून आणलेली मासळी, दिवे, माईक आणि संकलन करणाऱ्या मुलाचे पैसे हे सारे घरखर्चातूनच गेले.

आता वादाकडे येते. आमचे थोरले दीर ठाण्यात नौपाड्याला राहतात आणि गौरी-गणपतीला सगळे कुटुंब त्यांच्याकडे जमते. एका वर्षी जेवणे आटोपल्यावर, नातेवाईक बसलेले असताना, ते जावेला म्हणाले, "अगं, दर व्हिडिओच्या शेवटी 'लाइक करा, सबस्क्राइब करा' म्हणत झोळी पसरतेस, वर मध्येच जाहिराती घुसवतेस. लोकांनी काय पाप केलंय?" ती काही बोलली नाही, पानदानातल्या सुपाऱ्या निवडत राहिली. मी मात्र म्हटले, "भाऊजी, तुमच्या पेपरच्या पहिल्या पानावर पूर्ण पान जाहिरात असते, तेव्हा तुम्ही संपादकाला भिकारी म्हणता का?" त्यावर ते पेपरसाठी आपण पैसे मोजतो असे म्हणाले. पेपरची किंमत छपाईलाही पुरत नाही, जाहिरातच तो अंक आपल्या दारात आणून टाकते, हे मी समजावत होते; पण तोवर सासूबाईंनी विषय बदलला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका कंपनीने जावेला मिक्सर देऊ केला. अट अशी, की तो स्वतः विकत घेतला आणि वर्षभर वापरून पाहिला, असे तिने व्हिडिओत सांगावे. तिने नकार दिला. पुढे एका मसाल्याच्या उत्पादकाचे काम घेतले, आणि या व्हिडिओचे पैसे मिळाले आहेत हे पहिल्याच मिनिटात स्पष्ट सांगितले. तर त्याच व्हिडिओखाली "ताई, तुम्हीही विकल्या गेलात का?" अशा प्रतिक्रियांची रांग लागली. मिक्सरचे खोटे बोलली असती तर यातले एकही वाक्य कोणी लिहिले नसते. मराठी प्रेक्षकाबद्दल माझी तक्रार आहे ती हीच: उघड सांगणाऱ्यावर तो रुसतो आणि लपवणाऱ्यावर विश्वास ठेवतो.

वस्तुतः कायद्याने सांगणेच बंधनकारक आहे. भारतीय जाहिरात मानक परिषद या जाहिरात उद्योगाच्याच संस्थेची नियमावली 2021 ची आहे, आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. फुकट मिळालेल्या वस्तूही करमुक्त नसतात. एका वर्षात वीस हजारांहून अधिक किमतीची भेट मिळाली तर 1 जुलै 2022 पासून त्यावर दहा टक्के कर कापावा लागतो. मिक्सरवाल्यांना हे सांगितल्यावर त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

आमचे भाऊजी रोज सकाळी शेअर बाजारावरचे एक चॅनेल पाहतात. त्या गृहस्थांनी दिलेल्या लिंकवरून त्यांनी डिमॅट खातेही उघडले आहे. अशा लिंकमागे सहसा दलाली असते, हे मी त्यांना सांगितले आहे; त्यांना ते पटत नाही, कारण त्या व्हिडिओत मध्ये जाहिरात येत नाही आणि बोलणारे गृहस्थ 'समाजसेवा म्हणून' सांगतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2024 मध्ये दलाल संस्थांना नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवण्यास मनाई केली ती उगाच नव्हे. म्हणून प्रेक्षकाने संशय घ्यायचाच असेल तर जाहिरात दिसते तिथे घेऊ नये. काहीही न विकता कोणी रोज तासभर बोलत असेल, तर तो पोट कशावर भरतो हे आधी विचारावे.

मी तटस्थ नाही, हे आपल्या लक्षात आलेच असेल. हिशेबाचे मानधन मला त्याच कमाईतून मिळते. दोन बाबतींत प्रेक्षकांचा राग मला मान्य आहे. आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मध्ये जाहिरात टाकता येते, म्हणून पाच मिनिटांची कृती ताणून नऊ मिनिटांची करणारे बरेच आहेत, आणि ते खरोखर लोकांचा वेळ खातात. दुसरे म्हणजे लहान मुलांसाठीचे व्हिडिओ, जिथे खेळणे कोणते आणि जाहिरात कोणती हे पोराला कळत नाही. तिथे आईवडिलांनी शेजारी बसूनच पाहावे. शॉर्ट्सविषयी, म्हणजे यूट्यूबवरच्या अगदी छोट्या उभ्या व्हिडिओंविषयी, आपण विचारलेले नाही, तरी सांगते: त्यातला करणाऱ्याचा वाटा 45 टक्के आहे आणि हाती येणारी रक्कम इतकी किरकोळ, की केवळ त्या भरवशावर कोणी नोकरी सोडू नये.