तात्या पुन्हा पुन्हा पलटणीतच का जातात?

"मॅडम, सासऱ्यांना विसरण्याचा आजार लागलाय का, तेवढं बघून सांगाल का?" सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून सूनबाईंचा फोन होता. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन घेऊन आलेले. आयुष्यभर हसतमुख राहिलेला माणूस. गेल्या दिवाळीपासून मात्र रोज जेवताना फौजेच्या त्याच चार गोष्टी सांगतात, पहाटे तीनला उठून बसतात, काळी ट्रंक उघडून फोटो पाहत राहतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाने मोबाइलवर वाचून ठरवून टाकलं होतं की आजोबांच्या मनात युद्धाची जखम आहे आणि ती आता वर येतेय. सुनेला वेगळी भीती होती. तिच्या माहेरी आजीचं असंच सुरू झालं होतं आणि पुढे ती घरचीच माणसं ओळखेनाशी झाली.

मी समुपदेशक आहे, आणि अशी चौकशी मला वर्षातून बऱ्याचदा येते. आमच्या भागात घरटी एक तरी फौजी. मिलिटरी अपशिंगे हे आमच्याच जिल्ह्यातलं गाव तर पहिल्या महायुद्धात आपले ४६ जवान कामी आल्याचं सांगतं. त्यामुळे या सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे मांडते.

पहिल्या भेटीत तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ सरळ ठेवून खुर्चीच्या टोकावर बसले. १९६९ साली अठराव्या वर्षी बेळगावच्या सेंटरला भरती झाले. १९७१च्या डिसेंबरात जंगी पलटणीबरोबर, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनबरोबर, पूर्व पाकिस्तानात होते. वय वीस. १९८६ला घरी आले. मग ऊस, एका पतसंस्थेत रखवालदारी, ग्रामपंचायतीत एक टर्म, दोन मुलांची लग्नं. हे सगळं त्यांनी सात-आठ मिनिटांत उरकलं.

मी लढाईकडे वळले. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरचा वेढा त्यांनी सांगितला. शरण या म्हणून आपल्या बाजूने पत्र गेलं, उत्तराच्या चिठ्ठीत गुंडाळून बंदुकीची गोळी आली. दहा डिसेंबरच्या रात्री आतलं पाकिस्तानी सैन्य दक्षिणेच्या रस्त्याने बाहेर पडायला निघालं आणि त्या रस्त्यावर मराठे बसले होते. मी विचारलं, स्वप्नं पडतात का? फटाक्यांनी दचकता का? त्या दिवसांबद्दल बोलायचं टाळता का? दारू? प्रत्येक वेळी उत्तर "नाही" आलं आणि प्रत्येक वेळी मी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, कुठं दुखतंय तेच तुम्ही शोधताय. लढाई चौदा दिवसांची होती. दोस्त गेले, त्याचं वाईट वाटतं, वाटणारच. पण माझं बरं चाललंय. त्याचीबी मला लाज वाटायला पाहिजे का?"

ते वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. युद्धानंतरच्या मानसिक आघाताला १९८०मध्ये अमेरिकी मनोविकारशास्त्राने पीटीएसडी हे अधिकृत निदानाचं नाव दिलं. ते फार गरजेचं होतं, त्यातून असंख्य सैनिकांना उपचार मिळाले. पण त्या नावाची चर्चा इतकी झाली आहे की लढून आलेला माणूस सुखी दिसला तर आपल्याला ते सुख वरवरचं वाटू लागतं. तात्यांचं सुख वरवरचं नव्हतं. चार भेटींनंतर मी हे खात्रीने म्हणू शकते.

मग रात्रीचं उठणं? त्यासाठी मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. प्रोस्टेट वाढली होती. लघवीला उठायचे आणि एकदा डोळा उघडला की म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली? अंधारात बसून करणार काय, तर जुनं आठवणार. कानही तपासून घेतले. वर्षानुवर्षं फायरिंग केलेल्या माणसांचे कान बऱ्याचदा विशिष्ट तऱ्हेने जातात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. ताटावर चाललेलं बोलणं तात्यांना कळतच नव्हतं. संभाषणात भाग घ्यायचा तर एकच वाट उरली होती, ती म्हणजे आपण बोलणं. स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांनी घड्याळ नीट काढलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर बरोबर लावले, पेन्शनचा हिशेब रुपयापर्यंत सांगितला आणि न विचारता आपल्या रायफलचा बट नंबरही सांगितला.

म्हणून घरच्यांना सांगते: त्याच गोष्टी पुन्हा सांगणं एवढ्यावरून घाबरू नका. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा व्यवहार जमेनासा होणं, अर्ध्या तासापूर्वी जेवलो हे न आठवणं, असं दिसलं तर तपासणी लांबवू नका. झोपेत ओरडणं, एकाएकी येणारा संताप, माणसं टाळणं, बाटलीचा आधार, "आता जगून काय करायचं" असली भाषा, हे मात्र मनाच्या जखमेचं किंवा नैराश्याचं असू शकतं. त्यावर चौऱ्याहत्तराव्या वर्षीही उपचार होतात. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पण गेल्या दिवाळीपासूनच का, हे उरलंच होतं. ते तिसऱ्या भेटीत उलगडलं. त्यांनी ट्रंकेतला एक ग्रुप फोटो आणला होता. मी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नाव विचारत गेले. कडेच्या उंच जवानापाशी ते थांबले. कोल्हापूरकडचा दोस्त. भरती एका दिवशी, कसम परेड, म्हणजे शपथ घेण्याची परेड, एकत्र, जमालपूरला एकाच सेक्शनमध्ये. दर रविवारी संध्याकाळी फोन व्हायचा, पन्नास वर्षांच्या त्याच गप्पा. तो गेल्या पावसाळ्यात गेला. "आता मी काय बी सांगितलं तर 'व्हय, असंच झालतं' म्हणणारा कोण ऱ्हायला?"

ज्या गोष्टी इतकी वर्षं रविवारच्या फोनवर सांगून होत होत्या, त्याच आता रोज जेवणाच्या ताटावर येत होत्या. घरातलं कुणी त्या ऐकून "असंच झालं" म्हणू शकत नव्हतं, म्हणून त्या संपत नव्हत्या. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३मध्येच लिहून ठेवलंय की उतारवयात मागे वळून पाहणं हे बुद्धी मंदावल्याचं लक्षण नव्हे, आयुष्य तपासून मांडून ठेवण्याचं ते स्वाभाविक काम आहे. माझ्या अनुभवात त्या कामाला ऐकणारा लागतो, आणि नुसता मान डोलावणारा असून भागत नाही.

सूनबाईंना मी सांगितलं, "ही गोष्ट झालीय तात्या" असं म्हणू नका, तिच्याआत शिरून बारीक काहीतरी विचारा. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, काय असायचं? बूट ओले झाले की वाळवायचे कुठे? नातीने हे मनावर घेतलं. समोर बसून, त्यांना ओठ दिसतील असं बोलून, ती विचारायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायची. गोष्टी चाराच्या चाळीस झाल्या. नदीकाठच्या थंडीत पाठीला पाठ लावून झोपल्याचं घरात प्रथमच कुणी ऐकलं.

चौथ्या भेटीला मी तात्यांच्या पत्नीला, काकूंनाही बोलावलं. त्या तोवर दाराबाहेरच्या बाकावर बसायच्या. मी म्हटलं, तुमचीही फौज सांगा की. त्या आधी पदर सावरत हसल्या. मग बोलायला लागल्या ते तासभर. वर्षाला दोन महिन्यांची सुट्टी, बाकी दहा महिने सासू, म्हैस आणि विहिरीचं पाणी. थोरला झाला तेव्हा ह्यांना तार केली, त्याला पहिल्यांदा पाहिलं तो आठ महिन्यांचा असताना. "फौज ह्यांनी केली, घर मी केलं. मला कुणी कधी इचारलं न्हाई." तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पण तात्या, आता श्रवणयंत्र लावलेला कान पुढे करून, एक शब्द न बोलता ऐकत होते. फौजींच्या बायकांकडे आम्ही समुपदेशकसुद्धा फार उशिरा पाहतो, याची मला खंत आहे.

दोन महिन्यांनी सूनबाईंचा पुन्हा फोन आला. गोळ्यांनी रात्रीचं उठणं कमी झालं होतं. आदल्या रात्री जेवताना जमालपूर पुन्हा निघालं होतं. सोळा डिसेंबरला लढाई थांबली, लगेच मी खुशालीचं पत्र टाकलं, असं तात्या नेहमीसारखं म्हणाले. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ते मला संक्रांतीला मिळालं."

लग्नाला तेव्हा सहा-सात महिने झालेले. तात्यांचा घास हातातच राहिला.

"संक्रांतीला? म्हणजे महिनाभर तुला..."

"व्हय," काकू म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.